चुलबंदच्या डोहाची चौकशी

फकिरा ठवकराच्या हातून कोणाचं वाईट झाल्याचं कोणाला आठवत नसे. त्याचे मित्र हे कौतुकानं सांगत. ज्यांना तो फारसा आवडत नसे तेही हेच सांगत, फक्त जांभई देत. साकोलीकडच्या एका खेड्यातून तो भिलाईला आला तेव्हा तिथं पोलादाचा कारखाना कमी आणि खड्डे जास्त होते. त्याला खलाशी म्हणून कामावर घेतलं. समुद्र शेकडो कोस लांब असताना आपण खलाशी कसे, हे त्यानं विचारलं नाही. विचारणाऱ्यांची रांग वेगळी होती आणि पगाराची वेगळी.

खलाशाचं काम म्हणजे क्रेनखाली उभं राहून वर केबिनमध्ये बसलेल्या ड्रायव्हरला हातानं खुणा करायच्या. वर घे, खाली सोड, सावकाश, थांब. भोवती गोंगाट इतका की ओरडून उपयोग नाही. ड्रायव्हरला दिसतात ते फक्त खालच्या माणसाचे हात. फकिराच्या हातांवर ड्रायव्हरांनी डोळे मिटून विश्वास ठेवला असता, अडचण एवढीच की डोळे मिटल्यावर हात दिसले नसते. त्याच्या खुणेवर उचललेली कुठलीही वस्तू चुकीच्या जागी उतरली नव्हती. अपवाद एकच, त्याचं स्वतःचं मन. ते सेक्टर सहामधल्या सुखरामच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात उतरलं होतं आणि तिथून हलायला तयार नव्हतं.

सुखराम हाही खलाशीच, फकिराच्याच क्रेनवरचा, पण दुसऱ्या पाळीचा. जेवायला बसला की तो दिवसभराचं काम हातवारे करून सांगे, आणि त्यामुळे त्याची मुलगी जया हिला सगळ्या खुणा आपसूक येऊ लागल्या होत्या. फकिरा सायकलवरून मागच्या गल्लीतून जाताना एक हात सोडून 'सावकाश खाली सोड' अशी खूण करी. जया दोरीवर कपडे टाकता टाकता 'थांब' अशी करी. या संभाषणाचा अर्थ काय होता, हे बहुधा त्या दोघांनाही माहीत नव्हतं. पण दोघांची खात्री मात्र पटत चालली होती.

एकदा सुखरामनं हे पाहिलं.

"काय बे फकिरा, कोणतं वजन उतरवून राहिला माह्या आंगणात?"

"काही नाही मामाजी. हाताले सवय पडली."

सुखराम हसला. त्याला जावई म्हणून पोरगा पसंत होता. पण सुखरामच्या पसंतीला त्या घरात जे स्थान होतं ते पितरांच्या पानासारखं: आदरानं बाजूला वाढलेलं. निर्णय गयाबाईचा. सुखराम कामावर असला की घरात गयाबाईचं राज्य असे, आणि तो घरी असला की जास्तच. टाउनशिपमध्ये राहून तिला चौकशीची गोडी लागली होती. कारखान्यात काही पडलं, धडकलं, तुटलं की चौकशी बसते आणि कोणाचा तरी दोष निघतो, ही गोष्ट तिला फार न्यायाची वाटे. घरात दूध उतू गेलं तरी चुलीपाशी कोण होतं, झाकण कोणी काढलं, बघणारा कुठे बघत होता, अशी साग्रसंगीत चौकशी होई आणि दोष सुखरामचा निघे.

अशा गयाबाईनं फकिराबद्दल सगळी चौकशी केली आणि त्यात काहीच निघालं नाही. त्यामुळे ती थोडी नाराजच झाली. पण मंडई झाली की सोयरीक पक्की करू, असं तिनं सांगितलं. फकिरानं त्या आनंदात एका पाळीत दोनदा हेल्मेट उलटं घातलं.

मंडई म्हणजे आपल्याकडे दिवाळीनंतर गावोगाव भरते ती. सकाळपासून बाजार, दुपारी दंडारीचं नाचगाणं, आणि रात्री उजाडेपर्यंत नाटक. भंडाऱ्याकडची इतकी माणसं भिलाईत आल्यावर मंडई मागून येणारच होती. छत्तीसगडी लोकांचीही मड़ई असतेच, त्यामुळे परकं असं कोणालाच वाटलं नाही. अडचण होती ती नाटकाची. रात्रभर नाटक करायचं तर रात्रपाळीवाले कुठे जाणार आणि सकाळपाळीवाले कसे उठणार? तेव्हा हिशेब विभागातले श्यामराव, जे नाटकाचे लेखक, दिग्दर्शक आणि पडद्यामागून रडण्याचा आवाज असे सबकुछ होते, त्यांनी ठरवलं की नाटक दुपारी करायचं. मध्यरात्रीचा प्रवेश आहे हे कळावं म्हणून भर उन्हात स्टेजवर एक पेट्रोमॅक्स पेटवून टांगायची.

नाटक होतं 'चुलबंदचा डोह'. आख्यान जुनं, सगळ्यांनी आपापल्या आजीकडून ऐकलेलं. चुलबंद नदीच्या अल्याड-पल्याड दोन गावं, पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. अल्याडची सगुणा, पल्याडचा रतन. सगुणेची आई लग्नाला नाही म्हणते आणि पोरीला कोठीत कोंडते. पोरगी कुलूप तोडून पळते, रतन तिला भेटतो, मागून भाऊ मशाली घेऊन येतात, पुढे भरलेली नदी. दोघं नावाड्याला हाक मारतात. नावाडी मोहाची पिऊन पडलेला. तिसऱ्या हाकेला तो उठतो, डोंगा लोटतो, हात देतो, पण बोटभर अंतर राहतं आणि जोडी डोहात जाते. मग नावाडी काठावर कपाळ बडवून एक लांबच लांब पद म्हणतो. ते पद ऐकून लोक इतके रडत की नावाड्यालाही माफ करून घरी जात.

नावाड्याचं काम फकिराकडे आलं. त्याला गळा बरा होता, आणि श्यामरावांचं म्हणणं, "चेहऱ्यावर अपराधीपणा आहे. काही न करता आहे, हे विशेष." सगुणेचं काम धोंडबा वेल्डरकडे, कारण मिश्या काढायला तो एकटाच तयार झाला. धोंडबाचे दंड असे की भाऊ मशाली घेऊन आले तेव्हा पळायचं कोणी, असा प्रश्न पडावा. डोह म्हणजे निळं कापड, चार कोपऱ्यांना चार माणसं धरून हलवणार होती.

मंडईच्या आदल्या रात्री फकिराची रात्रपाळी होती. सकाळी सुटून, घरी झोपून, दुपारी ताजंतवानं स्टेजवर जायचं, असा बेत. पण क्रेनखालचा एक नियम आहे: बदलीवाला आल्याशिवाय जागा सोडायची नाही. आणि सकाळचा बदलीवाला आलाच नाही. तो बदलीवाला म्हणजे सुखराम.

फकिरानं वाट पाहिली. मग फोरमननं विचारलं, "सुखराम कहाँ है?" तेव्हा त्याच्या तोंडून आपोआप निघालं, "तबियत खराब है साहब, खबर भेजा था." होणाऱ्या सासऱ्यासाठी माणूस एवढं खोटं बोलतोच. मग सकाळची पाळीही त्यानंच उभ्यानं काढली, दोन पाळ्यांचं लोखंड वर-खाली केलं, आणि सुटल्यावर सायकल मारत थेट स्टेजच्या मागे जाऊन धोतर नेसलं. प्रवेश सुरू झाला. पेट्रोमॅक्स पेटली. फकिरा ठरल्याप्रमाणे डोंग्यात आडवा झाला, ठरल्याप्रमाणे डोळे मिटले, आणि तिथून पुढे काहीच ठरल्याप्रमाणे झालं नाही.

धोंडबानं पहिली हाक मारली, "नावाडीदादा ऽऽ!" डोंग्यातून घोरण्याचा आवाज आला. लोक म्हणाले, वा. दुसरी हाक. आणखी जोरात घोरणं. लोकांच्या अंगावर काटा आला. तिसरी हाक. आता उठायचं होतं. पेटीवाल्यानं उठण्याची धून वाजवली. पुन्हा वाजवली. धोंडबानं चौथी, पाचवी हाक मारली. मशालीवाले भाऊ तोपर्यंत येऊन पोचले होते आणि बहिणीला पकडायचं नाही असं लिहिलेलं असल्यामुळे तिथंच मशाली हलवत उभे होते. धोंडबानं एक बारका दगड उचलून नेम धरून मारला. लागला. फकिरा कुशीवर वळला.

शेवटी नदीच बोलली. कापडाचा एक कोपरा धरणारा दातओठ खात म्हणाला, "उडी मारा बे आता, हात दुखून राहिले!"

जोडीनं उडी मारली. डोह मिटला. पेट्रोमॅक्सनं भपका घेतला. आणि जिथं नावाड्याचं काळीज फाटणारं पद यायचं तिथं, त्या भयाण शांततेत, फक्त संथ, समाधानी, तृप्त घोरणं ऐकू येत राहिलं.

बायकांनी हंबरडा फोडला. पहिल्या रांगेत बसलेल्या गयाबाईनं पदराचा बोळा तोंडात घातला. पाहुणे म्हणून आलेले, कारखान्याच्या उभारणीवरचे एक रशियन साहेब उठून उभे राहिले, डोळे पुसले, आणि दुभाष्याला काहीतरी म्हणाले. दुभाष्यानं श्यामरावांना सांगितलं, "साहब कहते हैं, ऐसी सच्ची नींद उन्होंने मॉस्को के स्टेज पर भी नहीं देखी." श्यामरावांनी मान लववली. त्या नाटकावर समाधानी असलेले ते रशियन साहेब जगातले एकमेव प्रेक्षक होते, आणि त्यांना भाषा येत नव्हती.

फकिरा उठला तेव्हा तो एका खुन्याचं आयुष्य जगत होता, हे त्याला हळूहळू कळलं. दुसऱ्या दिवशी सेक्टरच्या बाजारात भाजीवालीनं त्याच्या पिशवीत वांगी टाकता टाकता हात थांबवला आणि म्हणाली, "तैं सुतत रेहे, अउ ओ मन बूड़ गिन!" म्हणजे, तू झोपून राहिलास आणि ते बुडून गेले. आणि दोन वांगी काढून घेतली. पानवाल्यानं चुना जास्त लावला. ज्या ड्रायव्हरनं पाच वर्षं त्याच्या हातांवर जीव ठेवला होता तो गोंगाटातही केबिनमधून वाकून ओरडू लागला, "जाग रहा है ना, ठवकर?" प्रत्येक उचलीच्या आधी विचारायचा. अख्ख्या भिलाईनं नाटक पाहिलं होतं. अख्ख्या भिलाईला माहीत होतं की ते नाटक होतं. आणि तरीही दोन जीव गेले होते आणि हा घोरत होता, यात कोणाला काही विसंगत वाटत नव्हतं.

गयाबाईनं निरोप पाठवला नाही. ती स्वतः आली. फकिराच्या खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली:

"माही पोट्टी मी तुले देत नाही."

"मावशी, ते नाटक व्हतं."

"मले माहीत हाय नाटक व्हतं. म्हून तर पोलिसाले बलावलं नाही."

"पण मी..."

"दोन लेकरं तुले हाका मारून राहिली, अन् तू कूस बदलून राहिला! कूस! उद्या माह्या पोट्टीनं हाक मारली तं? झोपला कावून तू, ते सांग."

फकिरानं तोंड उघडलं. एक वाक्य पुरेसं होतं: मावशी, तुमचा नवरा ड्युटीवर आला नाही. पण हे वाक्य कारखान्यात पोचलं असतं तर सुखरामला फार तर मेमो मिळाला असता; ते गयाबाईपाशी पोचलं तर सुखरामचं काय होईल, याचा कुठलाच नियम लिहिलेला नव्हता. शिवाय सासऱ्याला सासूच्या तोंडी देऊन बायको मिळवणं फकिराला जमण्यासारखं नव्हतं. त्यानं तोंड मिटलं.

"झोप आली," तो म्हणाला.

"पाहा! सांगून राहिला, झोप आली!" गयाबाई शेजारपाजाऱ्यांना म्हणाली, आणि निघाली. जाता जाता थांबली. न्यायाची आवड स्वस्थ बसू देईना. "चौकशी करा म्हणा. रीतसर. चौकशीत सुटला तं पाहू. नाही तं जयासाठी कुम्हारीचं स्थळ आलंच हाय, बसचा कंडक्टर हाय, जागा राहते."

चौकशी म्हटल्यावर मारोतराव आले. मारोतराव सेफ्टीमधले कारकून. अपघात झाला की साहेबांबरोबर जायचं, साक्षी लिहून घ्यायच्या, हे त्यांचं काम. त्यांच्यासमोर आलेली प्रत्येक गोष्ट तीन प्रश्नांत मावायची: काय पडलं, कोणावर पडलं, आणि ते पडत होतं तेव्हा कोण काय करत होतं. स्वतःच्या मुलाला शाळेत मार बसला तेव्हाही त्यांनी हेच विचारलं होतं. इथं दोन माणसं पडली, पाण्यात पडली, आणि नावाडी झोपला होता. मारोतरावांना प्रकरण सरळ वाटलं. पण चौकशी सरळ असली तर ती कशाला करायची, म्हणून त्यांनी सगळ्यांना रविवारी बोलावलं.

मंडप अजून उभाच होता, कारण मंडपवाल्याचे मजूर मंडईच्या थकव्यातून उठले नव्हते. ते बरंच झालं. सेक्टरमधली झाडं अजून कमरेएवढी होती आणि सावली द्यायच्या वयात आली नव्हती. मारोतराव खुर्चीवर बसले. समोर फकिरा, मान खाली. एका बाजूला गयाबाई, सुखराम आणि आईच्या मागे जया. बाकी निम्मा सेक्टर, नाटकाला मिळाली नव्हती ती जागा आता तरी मिळावी म्हणून लवकर येऊन बसलेला. जयानं आईच्या पाठीआडून तळहात दाखवला: थांब. फकिराला धीर आला, नाहीतर तो पळून जाण्याच्या विचारात होता.

पहिली साक्ष श्यामरावांची.

"या मृत्यूंना जबाबदार कोण?" मारोतरावांनी विचारलं.

"नियती," श्यामराव म्हणाले आणि वर पाहिलं. "शोकांतिकेत माणूस निमित्तमात्र असतो, मारोतराव."

"नियती कोणत्या डिपार्टमेंटला?"

"अहो, नियती म्हणजे..."

"साक्षीला बोलावता येत असेल तर सांगा. नाहीतर बसा."

दुसरी साक्ष धोंडबाची. मिश्या निम्म्या उगवल्या होत्या, त्यामुळे तो आता कुठल्याच बाजूचा वाटत नव्हता.

"तुम्ही मयत?"

"होय जी. मी अन् रतन, दोघंबी मयत."

"नावाड्याला सूचना दिली होती?"

"पाच हाका मारल्या साहेब. दगडबी मारला. आता मरणारा माणूस आणखी काय करणार?"

"दगड लागला?"

"माह्या हातचा दगड चुकत नाही. पण हा मनुष्य नव्हताच उठणार. मेल्यावर मी कापडाखाली पडून व्हतो न, तवा पाहिलं, त्याच्या तोंडात माशी जाऊन येऊन राहिली व्हती."

बायकांमधून "अगं बाई" असा आवाज आला. गयाबाईनं सगळ्यांकडे पाहून मान हलवली, जणू ती माशी तिनंच साक्षीला आणली होती.

"फकिरा," मारोतराव म्हणाले, "एवढी झोप कशी लागली?"

"लागली जी."

"दारू?"

"नाही जी."

"मग?"

फकिरानं जयाकडे पाहिलं नाही, गयाबाईकडे पाहिलं नाही आणि सुखरामकडे तर अजिबात पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दिसलं असतं की सुखरामला कशाचाच पत्ता नव्हता. आपल्या जागी कोणीतरी उभं राहिलं असेल, राहतंच कोणीतरी, अशा निर्मळ विश्वासानं तो बसला होता, आणि आपल्याला अजून साक्षीला का बोलावलं नाही म्हणून चुळबुळत होता.

"माहीच चुकी जी," फकिरा म्हणाला. "लिहून टाका."

मारोतराव खरोखरच लिहिणार होते. पण सुखरामला ते सहन झालं नाही. जावई जातो म्हणून नव्हे. साक्ष राहून जाते म्हणून.

"थांबा जी मारोतराव! माही बी साक्ष घ्या. मी सगळं पाहिलं, अगदी जवळून पाहिलं. पोट्टा बेवडा नव्हता. झोपला तवा त्याचे डोळे लाल इंगळ व्हते, मले दिसले. मांगच्या लोकायले काय दिसते? मी तं पहिल्या रांगेत मधात व्हतो, पेटीवाल्याच्या नाकासमोर."

"एवढी चांगली जागा कशी मिळाली?"

"मिळते होय? फटफटल्यापासून सतरंजी टाकून बसलो व्हतो! उठलो नाही. चा बी तिथंच पेलो." सुखराम आनंदात असला की शब्द त्याच्या तोंडात उड्या मारत.

मारोतराव लिहिता लिहिता थांबले. त्यांनी चष्मा काढला. हे त्यांनी चौकशीत फार क्वचित केलं होतं.

"सुखराम, मंडईच्या दिवशी तुमची सकाळपाळी होती."

मागचे लोक पुढे सरकून ऐकू लागले.

"होय... म्हणजे व्हती," सुखराम म्हणाला.

"तुमच्या आधी क्रेनखाली कोण होतं?"

सुखराम हिशेब करू लागला. तो हिशेब चेहऱ्यावर दिसत होता, हळूहळू उतरणाऱ्या वजनासारखा. मग ते वजन टेकलं.

"अरे बाप्पा," तो म्हणाला. "फकिरा व्हता. अरे फकिरा! तू दोन पाळ्या काढल्या काय बे? बोलला कावून नाही?"

फकिरानं मान आणखी खाली घातली. त्याचे कान मात्र बोलत होते. ते लालभडक झाले होते.

मग मंडपात एकच गलका उठला. दोन पाळ्या! उभ्यानं! वरून नाटक! ज्या बायकांनी माशीवर उसासे टाकले होते त्यांनीच आता "लेकराले झोप येईल नाही तं काय" असं सुरू केलं. धोंडबा उठून म्हणाला, मी दगड मारला ते मागे घेतो. डोहाचा कोपरा धरणारा म्हणाला, मीही बोललो ते मागे घेतो. मारोतरावांनी टेबल नव्हतं म्हणून स्वतःच्या मांडीवर थाप मारली.

"म्हणजे नावाडी झोपला कारण बदलीवाला आला नाही. बदलीवाला आला नाही कारण..." ते सुखरामकडे वळले. "कारण?"

सुखराम आता घाबरला होता, आणि घाबरला की तो खरं बोले.

"इनं सांगतलं जी. म्हणे पहिल्या रांगेत जागा पायजे, शेजारच्या पाटलीनबाईच्या पुढं पायजे, नाही तं घरात पाय ठेवू नका."

"अन् मले सांगतलं सुट्टी हाय म्हून!" गयाबाई उसळली.

"सुट्टी नाही म्हटलं असतं तं तू मले पाठवलं नसतं?"

गयाबाईनं या प्रश्नावर विचार केला. प्रामाणिक बाई होती. पाठवलं असतं, हे तिच्या तोंडावर स्पष्ट उमटलं. मारोतरावांनी चष्मा पुन्हा घातला आणि लेखणी उचलली. अख्ख्या मंडपाला दिसलं की ते आता काय लिहिणार. सगुणा आणि रतन, चुलबंदच्या डोहात, मयत. जबाबदार, गयाबाई सुखराम, राहणार सेक्टर सहा, कारण सतरंजी.

"लिहू नका!" गयाबाई उभी राहिली. "असं कसं लिहून राहिले? म्हणे सतरंजीनं जीव घेतला! अवं, डोंगा, नावाडी, झोप, हे सगळं मंगचं हाय. त्या पोरीले राती-बेराती नदीवर जायची पाळीच आली कावून? हे कोणी इचारलं? तिले कोठीत कोणी कोंडलं? तिच्या मायनं! ते भवानी नुसती हो म्हणाली असती तं दोघं नांदले असते, पोरंबाळं झाली असती. चांगला पोट्टा, कष्टाचा पोट्टा, दाराशी आला, अन् इनं कुलूप घातलं! कोणतंबी निमित्त काढलं अन् नाही म्हटलं! लिहा जी मारोतराव, तिची माय जबाबदार. मी सही करते."

डोळ्यांत पाणी होतं. तिनं सगुणेसाठी नाटकात रडायचं राहिलेलं सगळं आता रडून घेतलं. मग तिनं सगळीकडे पाहिलं. श्यामराव वर पाहत होते. धोंडबा स्वतःच्या पायांकडे. सुखराम तर मंडपाचा खांबच तपासत होता.

पाठीमागून जया अगदी हळू म्हणाली, "माय, सही कुठं करतेस?"

मंडपात कोणाला तरी खोकला आला. तो हसण्याचा होता, पण गयाबाईसमोर हसण्याची सोय नव्हती, म्हणून एकामागून एक निम्मा सेक्टर खोकला.

गयाबाई उभी होती. मग तिनं पदरानं तोंड पुसलं, केस सारखे केले, आणि जणू सकाळपासून हेच ठरलेलं होतं अशा आवाजात म्हणाली, "ते बाई बिनअकलेची व्हती. मी नाही." आणि फकिराकडे वळून, "काय गा, बसून कावून राहिला? सोयरीक घरी बसून करतात का मंडपात? चाल."

मारोतरावांनी रिपोर्ट लिहिलाच. त्यात जबाबदारीच्या रकान्यासमोर काय लिहावं हे त्यांना शेवटपर्यंत सुचलं नाही, म्हणून त्यांनी 'पुढील चौकशी चालू' असं लिहिलं, आणि असं लिहून त्यांनी एका फार जुन्या प्रश्नावर शहाण्या माणसांनी आजवर जे केलं तेच केलं.

घरी फकिरापुढे पोहे आले. मग चहा आला. फकिरा दोन घोट घेतो तोवर गयाबाई समोर बसली. चौकशीची सवय एका रविवारात जात नाही.

"तुले पोहता येते?"

फकिरानं बशी खाली ठेवली. "नाही मावशी."

"मंग शिक. पोट्टी मी दिली. पण पाण्यात पडली तं काढाले तरी आला पायजे. लगन तवाच."

"पण मावशी, इथं नदी कुठं..."

"शिक म्हटलं न."

म्हणून त्या थंडीत, भिलाईजवळच्या एका खेड्यातल्या तळ्यावर, सुट्टीच्या दिवशी सकाळी लोक जमू लागले. धोंडबा पोहण्यात पटाईत निघाला. तो फकिराची मान धरी, पाण्यात दाबी, वर काढी आणि म्हणे, "हा पहिल्या हाकेचा. हा दुसऱ्या हाकेचा." भोवती ऊन खात बसलेले लोक हाका मोजत. काठावर गयाबाई शेंगा सोलत बसे, आणि फकिराचं डोकं पाण्याबाहेर आलं की शेंग तोंडात टाकी, नाही आलं की हातातली थांबे. जया आईशेजारी बसून हातांनी खुणा करी, वर घे, वर घे. पण नाकातोंडात पाणी गेलेल्या माणसाला खुणा दिसत नाहीत, हे तिला तेव्हा कळलं.

माघात एका सकाळी फकिरा हात-पाय मारत, पाणी पीत, मध्येच थांबत, मध्येच देवाचं नाव घेत, पण कोणी न धरता, तळ्याच्या पलीकडच्या काठाला लागला. चिखलात उताणा पडून तो आभाळाकडे पाहत राहिला. अलीकडे आरडाओरडा झाला. सुखरामनं टोपी उडवली आणि ती पाण्यात पडली. जया उभी राहून टाळ्या वाजवत होती, उड्या मारत होती, अगदी लग्न ठरलेल्या मुलीनं करू नये असं सगळं करत होती, आणि तिला कोणी रोखत नव्हतं.

गयाबाईनं हातातल्या शेंगा बाजूला ठेवल्या. तोंडाला हात लावून ओरडली, "झालं! आता परत ये!"

फकिरानं मान वळवून पाण्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तो उठला, धोतर पिळलं, आणि काठाकाठानं, सगळ्या तळ्याला वळसा घालून, चालत आला.

गयाबाईनं त्याबद्दल काही विचारलं नाही.